‘त्यांच्या घरातच धंदा आहे’ हे वाक्य आधी डोक्यातून काढा



मागच्या महिन्यात चिखलीच्या बॅचमध्ये एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, तुमचं सगळं बरोबर हाय. पण ज्याच्या घरातच धंदा हाय त्याच्याशी आमची बरोबरी कशी होईन? आमच्या बापानं तं जिंदगीभर वावरच केलं."

वर्गातले अर्धे हसले, अर्ध्यांनी माना डोलावल्या. मी जिद्द, मेहनत, सातत्य वगैरे बोलून वेळ मारून नेली. पण घरी येताना माझं मलाच बरं वाटलं नाही. कारण प्रश्न खरा होता. ज्याचा बाप आणि आजा गल्ल्यावर बसला, त्याला काहीतरी मिळतं, हे नाकारून कसं चालेल? माझ्या दुकानाशेजारच्या गॅरेजवाल्याचा पोरगा बारावीत असतानाच नुसता आवाज ऐकून सांगायचा की टॅपेट वाजतंय की टायमिंग चेन. मी बीबीए करून स्पेअर पार्टचं दुकान टाकलं. मला तेवढं कळायला चार वर्षं लागली.

म्हणून आज तो प्रश्न नीट सोडवू. घरच्या धंद्यातून मुलाला नक्की मिळतं काय? पैसा, ओळखी, की आणखी काही? आणि जे मिळतं ते ज्याच्या घरात धंदा नाही त्याला बाहेरून कमावता येतं का?

उत्तर शोधायला मी तुम्हाला शर्यतीत घेऊन जाणार आहे. धंद्यात कोण कोणामुळे पुढे गेला यावर पारावर बसून रात्रभर वाद घालता येतो. शर्यतीत ते सेकंदात लिहून येतं.

आपला पट आणि त्यांचा ड्रॅग

शंकरपट तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिला असेल. हंगाम उरकला, थंडी पडली की विदर्भात पट भरतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर जुना आणि नावाजलेला, तिथे बायकाही छकडा हाकतात. सरळ धावपट्टी, हलका छकडा, बैलांची जोडी आणि वर धुरकरी. कुठे जोडी एकटी घड्याळाविरुद्ध पळते, कुठे दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात. निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजला जातो.

आता पटाच्या घरातलं पोरगं कसं तयार होतं ते आठवा. त्याला पहिल्या दिवशी कोणी छकड्यावर उभं करत नाही. आधी वैरण, पाणी, मालिश. मग बैल फिरवायला नेणं. मग पटाच्या दिवशी जोडी धरून उभं राहणं. या सगळ्यात वर्षं जातात आणि त्या वर्षांत त्याला कळतं की हा बैल उजवीकडे ओढतो, तो गर्दीला बिचकतो, आज याचं चित्त ठिकाणावर नाही. कासरा हातात येईपर्यंत निम्मं शिक्षण झालेलं असतं.

अमेरिकेतली ड्रॅग रेस म्हणजे याच जातीची शर्यत, फक्त बैलांऐवजी इंजिन. सरळ पट्टा, दोन गाड्या, समोर दिव्यांचा खांब. हिरवा दिवा लागला की सुटायचं. मूळ अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. सगळ्यात ताकदवान गाड्या आता १००० फूट, म्हणजे साधारण ३०५ मीटर पळतात. तेवढं अंतर त्या चार सेकंदांच्या आत कापतात आणि शेवटाला वेग ताशी ५०० किलोमीटरच्या वर गेलेला असतो. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात टीम अख्खं इंजिन उघडून पुन्हा जोडते. गॅरेजवाल्यांनो, विचार करा. आपल्याकडेही ही स्पर्धा होते. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या विमानांच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती झाल्या आहेत.

अमेरिकेत हा खेळ घराण्यांचा आहे. बाप रेसर, आई तिकडेच, पोरं टायरच्या ढिगावर खेळत मोठी होतात. त्यातलं एक घर आपल्या प्रश्नासाठी अगदी योग्य आहे, कारण त्या एकाच घरात दोन्ही प्रकारची माणसं आहेत. ज्याच्या घरात काही नव्हतं असा बाप, आणि ज्यांच्या घरात सगळं होतं अशा मुली.

बापाची वर्षं

बापाचं नाव जॉन फोर्स. जन्म १९४९, कॅलिफोर्निया. लहानपणी पोलिओ झालेला, कुटुंब ट्रेलरमध्ये राहणारं. पुढे त्याने ट्रक चालवला. १९७० च्या दशकात तो ‘फनी कार’ या वर्गात उतरला. नाव गमतीचं आहे, गाडी अजिबात नाही.

मोठ्या राष्ट्रीय मालिकेत त्याची पहिली जिंक कधी आली? १९८७ मध्ये, माँट्रियलला. म्हणजे जवळजवळ एक दशक हा माणूस हरत होता. कितीदा फायनलपर्यंत पोचला आणि तिथे हरला. पहिलं अजिंक्यपद १९९० ला. त्यानंतर मात्र एकूण १६ अजिंक्यपदं, शेवटचं २०१३ ला, वयाच्या ६४ व्या वर्षी.

मधे काय बदललं? दोन गोष्टी. १९८५ मध्ये त्याने ऑस्टिन कॉइल हा जाणकार क्रू चीफ सोबत घेतला, म्हणजे गाडी तयार करणारा मुख्य माणूस. आणि त्याच सुमारास कॅस्ट्रॉलसारखा प्रायोजक मिळाला, जो पुढे २०१४ पर्यंत टिकला. स्वतःला सगळं येत नाही हे मान्य करून येणाऱ्या माणसाला जोडणं आणि नियमित पैसा येईल अशी सोय करणं. चालवणारा तोच होता. त्याच्या मागची व्यवस्था बदलली.

आता मुलीकडे या. अ‍ॅश्ली फोर्स. बाप चॅम्पियन, घरची टीम, घरचा वर्कशॉप. ती थेट फनी कारमध्ये बसली का? नाही. आधी ‘सुपर कॉम्प’ या खालच्या वर्गात, मग ‘टॉप अल्कोहोल ड्रॅगस्टर’मध्ये, आणि २००७ मध्ये फनी कार. मधे कॉलेजची पदवीही घेतली. आणि दुसऱ्याच हंगामात, २७ एप्रिल २००८ ला, अटलांटाच्या स्पर्धेत ती जिंकली. फनी कारमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारी पहिली बाई. फायनलमध्ये समोरच्या लेनमध्ये कोण होतं माहितीये? तिचा बाप.

बापाला जवळजवळ एक दशक, मुलीला दुसरा हंगाम. माझं मत ऐका. तिला घरातून मिळाली ती बापाची वर्षं. कोणता क्लच जळतो, कोणता माणूस ऐनवेळी घाबरतो, कोणता खर्च फुकट जातो, हे बापाने हरून शिकलेलं तिला जेवणाच्या टेबलावर मिळालं. पैशाने गाडी मिळते. आधीच्या माणसाचे पराभव विकत मिळत नाहीत, ते कोणीतरी भोगलेले असावे लागतात.

आणि घर असलं की झालंच, असंही नाही. एरिका एंडर्स हे दुसरं नाव. तीही रेसरची मुलगी. १९९२ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी तिने छोट्या ड्रॅगस्टरमध्ये सुरुवात केली. तिच्या आणि बहिणीच्या लहानपणावर डिस्नेने २००३ मध्ये ‘राइट ऑन ट्रॅक’ नावाचा सिनेमा काढला. सिनेमा आला म्हणजे आयुष्य सेट, असं आपल्याला वाटतं ना? २००५ मध्ये ती ‘प्रो स्टॉक’ या व्यावसायिक वर्गात उतरली आणि पहिली जिंक आली १ जुलै २०१२ ला. सात वर्षं! पुढे २०१४ पासून २०२३ पर्यंत सहा अजिंक्यपदं. घराने तिला लवकर सुरुवात दिली. वाट बघणं तिलाही चुकलं नाही.

छोटी गाडी, छोटी चूक

एरिकाने आठव्या वर्षी सुरुवात केली म्हटल्यावर काही जण कपाळावर हात मारतील. आठ वर्षांचं लेकरू आणि रेस? पण त्यांनी काय केलं ते समजून घ्या, कारण आपलं नेमकं इथेच चुकतं.

१९९२ मध्ये तिकडच्या एनएचआरए या संस्थेने मुलांसाठी ज्युनिअर ड्रॅग रेसिंग सुरू केलं. गाडी खऱ्या ड्रॅगस्टरच्या अर्ध्या आकाराची. एक सिलिंडरचं छोटं इंजिन. अंतर पाव मैलाच्याही निम्मं. प्रत्येक वयाला वेगाची मर्यादा. हेल्मेट, सूट, पट्टे, परवाना, सगळं मोठ्यांसारखं. जबाबदारी पूर्ण, गाडी मात्र वयाच्या मापाची.

आता आपल्याकडचं बघा. आपल्याकडे दोन टोकं आहेत. एक बाप पोराला पस्तिशीपर्यंत गल्ल्याला हात लावू देत नाही. पोरगं दुकानात आहे पण चहा आणण्यापुरतं. खरेदी बापाची, उधारी बापाची, बँकेत सही बापाची. मग एक दिवस बापाला अटॅक येतो आणि त्या पोराच्या हातात एकदम अख्खं दुकान येतं. दुसरा बाप लाडाने पंधरा वर्षांच्या पोराला दोनशे सीसीची बाईक घेऊन देतो आणि ‘वाघ आहे माझा’ म्हणतो. ही छोटी गाडी नव्हे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. समृद्धी आपल्या जिल्ह्यातून जाते, मेहकर, सिंदखेडराजाकडे सरळ रस्ता दिसला की काहींच्या हाताला खाज सुटते. तुम्हाला सांगतो, एनएचआरए ही संस्था १९५१ मध्ये वॉली पार्क्सने उभी केली तीच मुळी पोरांची रेस रस्त्यावरून उचलून बंद ट्रॅकवर नेण्यासाठी.

मग छोटी गाडी म्हणजे काय? दुकानातला एक कप्पा. एक फळी. समजा किराणा आहे, तर मसाल्याची फळी मुलीकडे द्या. पाच हजाराचा माल तिने आणायचा, भाव तिने ठरवायचा, संपला की हिशोब तिने मांडायचा. बुडाले तर पाच हजार बुडतील, पण ते तिचे बुडतील. आणि कृपा करून रात्री गुपचूप तुमच्या खिशातून भरून काढू नका. पडलेला खड्डा दिसला नाही तर शिकणार काय?

ज्यांच्या घरात दुकानच नाही त्यांनी छोटी गाडी स्वतः बनवायची. मी ती बनवली नाही. पहिल्याच वर्षी एका स्कीमच्या नादात सत्तर हजाराचा माल उचलला. बॉक्सवर बॉक्स. दिवाळीला कळलं की त्यातली निम्मी मॉडेलं आपल्या भागात रस्त्यावर उरलेलीच नाहीत. तो माल अजून माळ्यावर आहे, दर वर्षी बॅचला दाखवतो. शेजारच्या गॅरेजवाल्याच्या पोराने तो माल उचललाच नसता. त्याच्या बापाने अशी चूक बहुतेक कधीतरी आधीच केली असणार.

घड्याळ घरचं नको

आता सगळ्यात महत्त्वाचं.

अ‍ॅश्ली बापाला हरवू शकली, कारण वेळ मोजणारं यंत्र जॉन फोर्सच्या घरचं नव्हतं. त्याला बाप कळत नाही, मुलगी कळत नाही. शंकरपटातही तेच. घड्याळ पंचांकडे असतं. जोडी पाटलाची असो की अल्पभूधारकाची, सेकंद तेवढेच लांब.

आपल्या धंद्यात घड्याळ कोणाकडे असतं? आईकडे. "माझा पोरगा किती राबतो!" बायकोकडे. मित्रांकडे. किंवा आपल्याच मनाकडे. दिवसभर गर्दी होती म्हणजे धंदा झाला, असं आपण समजतो. गर्दी म्हणजे नफा नव्हे, दादा.

ड्रॅग रेसिंगमध्ये एक प्रकार आहे, तो मला फार आवडतो. मुलांच्या रेस आणि हौशी लोकांच्या बऱ्याच रेस अशाच होतात. रेसच्या आधी प्रत्येकाने आपल्या गाडीवर लिहायचं की माझी गाडी हे अंतर इतक्या सेकंदात कापेल. समजा तुम्ही लिहिलं नऊ सेकंद आणि समोरच्याने लिहिलं आठ. मग तुम्हाला एक सेकंद आधी सोडतात. म्हणजे हळू गाडीलाही पूर्ण संधी. पण अट अशी की लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात तर तुम्ही बाद! म्हणजे आपली गाडी मुद्दाम हळू आहे असं खोटं लिहून सवलत लाटता येत नाही. आणि दिव्याच्या आधी सुटलात तरी बाद.

यात कोण जिंकतो? जो आपल्या गाडीला सगळ्यात नीट ओळखतो तो. आज हवा गरम आहे, म्हणजे माझी गाडी थोडी सुस्त पळणार, हे ज्याला कळतं तो. प्रत्येक फेरीनंतर छापील चिठ्ठी मिळते. दिवा लागल्यावर सुटायला किती वेळ घेतला, पहिल्या साठ फुटांना किती, शेवटी वेग किती. चिठ्ठी खिशात घालून पुढच्या फेरीची तयारी.

हे जसंच्या तसं दुकानात आणा. एक साधी वही घ्या. दर महिन्याच्या एक तारखेला लिहा: या महिन्यात विक्री इतकी होईल, हातात इतके राहतील, उधारी इतकी वसूल होईल. महिनाअखेरीला खरा आकडा शेजारी लिहा. आकडा कमी आला तर दुःख, हे सगळ्यांना कळतं. पण अंदाजापेक्षा खूप जास्त आला तरी खूश होऊन पेढे वाटू नका. तुम्हाला तुमची गाडी कळलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुमचा स्टॉक चुकला असणार, गिऱ्हाईक माल नाही म्हणून परत गेलं असणार. सहा महिने ही वही केली की अंदाज आणि खरा आकडा जवळ यायला लागतात. त्या दिवशी तुम्ही धंदेवाले झालात असं समजा, शटरवर बोर्ड कधीही लागलेला असो.

आणि ती वही घरच्या माणसाला नका दाखवू. तुमच्या सीएला दाखवा, दुसऱ्या गल्लीतल्या जुन्या व्यापाऱ्याला दाखवा, बचत गटाच्या ताईंना दाखवा. ज्याला तुमचं मन राखायचं नाही असा माणूस पाहिजे.

गाडी न चालवणारी मुलगी

फोर्सच्या घरातली मोठी मुलगी एड्रिया. तिच्या बहिणी अ‍ॅश्ली, ब्रिटनी, कोर्टनी रेसर झाल्या. ब्रिटनीने तर सगळ्यात वेगवान ‘टॉप फ्युएल’ वर्गात २०१७ आणि २०२२ ला अजिंक्यपद घेतलं. एड्रियाने टीमचे पैसे सांभाळले, ती कंपनीची मुख्य वित्त अधिकारी होती.

आपल्याकडे घरात धंदा म्हटला की सगळ्यांना छकड्यावरच उभं राहायचं असतं. दोन भाऊ असले की दोघांनाही गल्ला पाहिजे, मग तीन वर्षांत दुकानाच्या मधोमध भिंत येते. मला विचाराल तर तुमच्या घरात हिशोबाची आवड असलेली बहीण असेल, बायको असेल, तिला ‘मदत करते’ म्हणू नका. तिला पद द्या, महिन्याला पगार द्या, आणि खरेदीला ‘नाही’ म्हणायचा अधिकार द्या. माझ्या माळ्यावरच्या सत्तर हजाराच्या मालाला कोणी ‘नाही’ म्हणणारं असतं तर?

हरणं आणि बुडणं वेगळं

रेसच्या घराण्यांच्या गोष्टी सांगताना एक गोष्ट लपवणं बरोबर होणार नाही.

एरिक मेडलेन हा फोर्सच्याच टीमचा तरुण ड्रायव्हर. तोही या खेळाच्या घरातला, त्याचा बाप जॉन मेडलेन त्याच टीममध्ये क्रू चीफ. मार्च २००७ मध्ये फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला चाचणी घेताना एरिकच्या गाडीला अपघात झाला आणि चार दिवसांनी तो गेला. बापाने तयार केलेली गाडी, मुलगा चालवत होता. याच्यावर मी काय लिहू?

टीम पुढच्या स्पर्धेतून बाहेर राहिली. आणि मग जॉन मेडलेनने ड्रायव्हरभोवतीचा लोखंडी पिंजरा, डोक्याभोवतीची गादी, हे सगळं पुन्हा नव्याने तपासण्याच्या कामाला वाहून घेतलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टेक्सासला खुद्द जॉन फोर्सचा भीषण अपघात झाला. हातपाय मोडले, पण तो वाचला. एरिकच्या निमित्ताने झालेल्या बदलांना तो त्याचं श्रेय देत आला आहे.

धंद्यात माणूस रोज हरतो. गिऱ्हाईक जातं, माल पडून राहतो. हरलेला माणूस पुढच्या पटाला परत येतो. बुडणं वेगळं, त्यातून परत येता येत नाही. आपल्या भागात बुडण्याचा रस्ता ठरलेला आहे: बापाचं वावर गहाण टाकून दुकान काढणं. मी जवळून पाहिलंय, म्हणून कळकळीने सांगतो. वावर हा तुमचा पिंजरा आहे. तो कापून इंजिन मोठं करू नका. घरखर्चाचे सहा महिने बाजूला, दुकानाचा विमा, घरच्यांचा आरोग्य विमा, शटरजवळ आग विझवायचं सिलिंडर. यात वाचवलेला पैसा वाचवलेला नसतो.

आणि घरच्या धंद्याला गॅरंटी असते असंही समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ ला बैलांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्रात त्यांना पुन्हा सशर्त परवानगी मिळाली १६ डिसेंबर २०२१ ला. चाबूक, काठी चालणार नाही, अंतर १००० मीटरच्या वर नाही, अशा अटींसह. मधली साडेसात वर्षं पटाच्या घराण्यांकडे बापाची वर्षं होती, बैल होते, पण पट नव्हता. ज्यांचं घर फक्त पटावर चालत नव्हतं, त्यांचीच जोडी दावणीला टिकली असेल. दुसरं उत्पन्न का पाहिजे, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

चिखलीच्या त्या मुलाला

तर मित्रा, तुझा प्रश्न. बरोबरी कशी होईल?

पहिलं, ज्याच्या घरात धंदा आहे त्याच्याकडे काही वर्षं जास्त आहेत. ती तू मिळवू शकतोस, पण फुकट नाही. जो धंदा करायचाय त्या धंद्यात दुसऱ्याकडे सहा महिने कामाला लाग. पगार कमी मिळेल, चालेल. तिथे वैरण-पाणी कर, मग कासरा. मालक कुठे हरला ते विचार, म्हातारे दुकानदार जिंकल्याच्या गोष्टींपेक्षा हरल्याच्या गोष्टी जास्त खऱ्या सांगतात. फोर्सने जसा कॉइल शोधला तसा तुझ्यापेक्षा जास्त कळणारा एक माणूस शोध.

दुसरं, तू एकदम मोठी गाडी काढू नकोस. एक फळी, एक हातगाडी, आठवड्याच्या बाजारातला एक दिवस. खामगावच्या, मेहकरच्या बाजारात किती तरी लोकांनी असंच सुरू केलंय. आणि वही.

तिसरं, आणि हे मला त्या दिवशी वर्गात सुचायला पाहिजे होतं. तू म्हणालास, बापानं वावरच केलं. ‘वावरच’? तुझ्या बापाने दर वर्षी जूनमध्ये आकाशाकडे बघून भांडवल मातीत टाकलं. कृषी केंद्रावर उधारी सांभाळली. मजूर आणले, त्यांचे पैसे वेळेवर दिले. सोयाबीन घरात पडलेलं असताना आज विकू की महिनाभर थांबू, हा निर्णय बाजार समितीच्या भावाकडे बघत घेतला. कधी चुकला, तरी पुढच्या जूनला पुन्हा उभा राहिला. याला तू धंदा म्हणत नाहीस, म्हणून तू त्याला कधी काही विचारलं नाहीस.

आज रात्री जेवताना विचार. कोणत्या वर्षी सगळ्यात जास्त नुकसान झालं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी बियाण्याला पैसे कुठून आणले? तो आधी म्हणेल, तुला काय करायचंय. दुसऱ्यांदा विचार. वही जवळ ठेव.

तुमच्यापैकी जे हे करतील त्यांनी पहिल्या महिन्याचा अंदाज आणि खरा आकडा, दोन्ही मला कळवा. चुकला असेल तर आधी कळवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शटर वेळेवर उघडा.